तिसरा पेला

झालांबेसात एक पेला कॉफी पिऊन कुणी उठत नसे. उठलाच, तर पाहुणा रुसला असावा किंवा त्याच्या घरून काही वाईट निरोप आला असावा, असं समजत. तिथे कॉफी करायची म्हणजे तास-दीड तासाचा बेत. हिरव्या बिया धुऊन निखाऱ्यांवर भाजायच्या, त्यांचा धूर पाहुण्यांच्या नाकापाशी फिरवून आणायचा, बिया कुटायच्या आणि जेबेनात, म्हणजे उंच मानेच्या मातीच्या सुरईत, उकळायच्या. मग त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी, आणि आणखी एकदा पाणी. पहिल्या फेरीला म्हणतात अवेल. ती काळीभोर, कडक. दुसरी कालाय, जरा मवाळ. तिसरी बेरेका. ती इतकी फिकी, की नवख्या माणसाला वाटावं पेला विसळून पुढे केलाय. पण बेरेका म्हणजे आशीर्वाद. आपल्याकडच्या 'बरकत' या शब्दाची ती लांबची बहीण. बेरेका न घेता जाणारा पाहुणा आशीर्वाद उंबऱ्यावर सांडून जातो, असं तिथल्या बायका म्हणत.

झालांबेसा हे इथिओपियाच्या तिग्राय प्रांतातलं अगदी टोकाचं गाव. पलीकडे एरिट्रियाचं सेरहा आणि थोडं पुढे गेलं की सेनाफे. दोन्हीकडे भाषा तिग्रिन्या, दोन्हीकडे लिपी एक. ही लिपीही आपल्या बाराखडीच्या जातीची. आपल्याकडे एका अक्षराची बारा रूपं, त्यांच्याकडे सात.

लेताय आणि आब्रेहेत या गावात शेजारणी होत्या. लेताय इथलीच, आब्रेहेत सेनाफेची लेक, लग्न होऊन आलेली. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आणि अंगणही एकच. दोघींच्या जेबेना मात्र वेगळ्या. लेतायच्या जेबेनाला पोटाजवळ तोटी होती. आब्रेहेतच्या जेबेनाला तोटी नव्हती. तिच्या मानेत काथ्याचा बोळा खुपसायचा आणि त्याच तोंडातून बेताने ओतायचं, म्हणजे चोथा आत राहतो. यावरून दोघींची रोज थट्टा चाले. लेताय म्हणे, "तुझी सुरई म्हणजे नाक नसलेली बाई." आब्रेहेत म्हणे, "आणि तुझी म्हणजे सगळीकडे नाक खुपसणारी."

१९९१ च्या मे महिन्यात इथिओपियातली मेंगिस्तूची लष्करी राजवट कोसळली. ती पाडायला एरिट्रियाचे आणि तिग्रायचे बंडखोर खांद्याला खांदा लावून लढले होते. १९९३ च्या एप्रिलमध्ये एरिट्रियाने सार्वमत घेतलं आणि २४ मे रोजी तो स्वतंत्र देश झाला. आब्रेहेत मत देऊन आली, तेव्हा लेतायनेच गोड पाव भाजून आळीत वाटला. कागदावर त्या २४ मेला आब्रेहेतचं माहेर परदेशात गेलं. तिला ते कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती लेतायच्या अंगणात मिरची कांडत होती. "बरं," ती म्हणाली, आणि कांडत राहिली.

पुढे चार-साडेचार वर्षं सीमा म्हणजे रस्त्यावरची एक दोरी होती. मग १९९७ च्या नोव्हेंबरात एरिट्रियाने नाक्फा हे स्वतःचं चलन आणलं. तोवर दोन्हीकडे इथिओपियाचा बिर चाले. बाजारात पहिल्यांदाच लोक एकमेकांच्या नोटा उन्हात धरून बघू लागले. मे १९९८ मध्ये बाद्मे नावाच्या एका माळरानावरच्या खेड्यावरून ठिणगी पडली आणि जूनमध्ये युद्ध झालांबेसात आलं.

त्या संध्याकाळी लेतायच्या अंगणात कॉफी चालली होती. अवेल झाली, कालाय झाली. लेताय तिसरं पाणी घालत होती, तेवढ्यात पहिला तोफगोळा डोंगराच्या कडेला पडला. पोरं रडू लागली, दिवे विझवले गेले, अंधारात हाताला आलं ते उचलून जो तो पळाला. लेताय चार वर्षांच्या नातवाला, कीब्रोमला, पाठीशी बांधून दक्षिणेला आदिग्रातच्या वाटेला लागली. आब्रेहेतचं कुटुंब उत्तरेला सेनाफेकडे गेलं. पहाटे लेतायने गाठोडं सोडलं तर आत जेबेना होती. बिनतोटीची.

दोन वर्षं युद्ध चाललं. किमान सत्तर हजार माणसं त्यात मेली, असा अंदाज सांगतात. इथिओपियात राहणाऱ्या एरिट्रियन वंशाच्या हजारो लोकांना बसमध्ये घालून सीमेपार सोडलं गेलं. सार्वमतात मत दिलंत ना, मग तुम्ही तिकडचेच, असा युक्तिवाद होता. एरिट्रियातून इथिओपियन लोकांनाही असंच गाशा गुंडाळून यावं लागलं. डिसेंबर २००० मध्ये अल्जिअर्सला तहावर सह्या झाल्या, २००२ मध्ये आयोगाने बाद्मे एरिट्रियाच्या पदरात टाकलं, इथिओपियाने ताबा सोडला नाही. सीमा बंद झाली ती झालीच. फोनसुद्धा लागेना. लेतायने पडलेलं घर पुन्हा उभं केलं आणि वीस वर्षं आब्रेहेतच्या जेबेनातून कॉफी ओतली.

२०१८ च्या जुलैत इथिओपियाचे नवे पंतप्रधान आबी अहमद अस्माराला गेले, एरिट्रियाचे अध्यक्ष इसायास आफवेर्की यांना त्यांनी मिठी मारली. फोन सुरू झाले. राजधानी अदिस अबाबातले लोक अस्माराचा कुठलाही नंबर फिरवायचे आणि जो उचलेल त्याला नुसतंच "सेलाम" म्हणायचे. ११ सप्टेंबरला, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, झालांबेसाची सीमा उघडली. त्या गर्दीत पांढऱ्या ओढणीतली एक म्हातारी छातीशी काहीतरी कवटाळून लोकांना विचारत फिरत होती. ती आब्रेहेत होती, आणि छातीशी तोटीची जेबेना होती.

दोघी आधी रडल्या, मग एकमेकींच्या सुरकुत्यांना हसल्या, मग चूल पेटली. लेतायचा धाकटा नातू तेस्फाय तेव्हा सतरा वर्षांचा होता. आई-बाप गेल्यावर कीब्रोम आणि तो दोघेही आजीच्याच हाती वाढले. त्याने पाहिलं, की आजीने तोटीच्या जेबेनातून ओतायला घेतलं आणि तिच्या हातून कॉफी सांडली. मनगटाला आता दुसऱ्या सुरईची सवय झाली होती. आब्रेहेतचंही तसंच झालं. "राहू दे," आब्रेहेत म्हणाली. "तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे."

अवेल झाली. कालाय झाली. तेवढ्यात रस्त्यावरून सेनाफेची गाडी हॉर्न वाजवू लागली. "तिसरा पुढच्या खेपेला," आब्रेहेत उठत म्हणाली. "आता काय, रोजच येईन."

वर्ष संपायच्या आत सीमा पुन्हा बंद झाली. पुढच्या वर्षी आबी अहमद यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा रस्त्यावर पुन्हा दोरी होती आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना बंदुका. लेताय म्हणाली, "मोठी माणसं पहिला पेला प्यायली आणि उठली."

नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्रायमध्ये युद्ध पेटलं. या वेळी इथिओपियाचं सरकार तिग्रायवर चालून आलं आणि एरिट्रियाचं सैन्य त्याच्या बाजूने सीमा ओलांडून आत आलं. झालांबेसा पुन्हा उद्ध्वस्त झालं. लेताय पुन्हा आदिग्रातच्या वाटेला लागली. या वेळी पाठीशी कुणी नव्हतं. कीब्रोम सव्वीस वर्षांचा झाला होता आणि घराच्या उंबऱ्यापाशी मेला होता. तेस्फाय पुढे चालत होता, म्हातारी मागे, आणि गाठोड्यात तीच बिनतोटीची जेबेना.

आदिग्रातला विस्थापितांना एका शाळेत जागा मिळाली. एका वर्गात सात कुटुंबं. फळ्यावर कुणा शिक्षकाने युद्धाआधी लिहिलेली अक्षरमाला तशीच होती, तिच्याखाली लोकांनी भांडी रचली होती. फोन बंद, इंटरनेट बंद, बँका बंद. २ नोव्हेंबर २०२२ ला प्रिटोरियात युद्ध थांबवायचा करार झाला. त्या करारावर एरिट्रियाची सही नव्हती, त्यामुळे झालांबेसाला परत जायची वाट मोकळी झाली नाही. पण फोन हळूहळू सुरू झाले.

दोन वर्षं जगापासून तोडलेल्या तेस्फायच्या फोनवर आधी काय आलं असेल, तर शिव्या. त्याच्या प्रांताला, त्याच्या लोकांना, त्यांच्या आयांना. तोही लिहू लागला. रात्र-रात्र अंगठे काचेवर टकटकत. त्याच्या शिव्यांना हजार माणसं अंगठा उंचावून दाद देत. त्यांतली बरीचशी दूरदेशी होती, युरोपात, अमेरिकेत. जितकी लांब तितका त्यांचा आवाज मोठा.

या भांडणात शब्द ठरलेले. इकडच्यांनी तिकडच्यांना 'शाबिया' म्हणायचं. हे एरिट्रियाच्या मुक्ती आघाडीचं नाव. अरबीत त्याचा अर्थ नुसता 'जनतेची'. तिकडच्यांनी इकडच्यांना 'वयाने' म्हणायचं. त्याचा अर्थ 'उठाव', १९४३ च्या शेतकऱ्यांच्या बंडापासून आलेला. एकेकाळी दोन्ही नावं माणसं छाती काढून सांगत. आता ती थुंकल्यासारखी उच्चारली जात. मधेच कुणीतरी लिही, "अरे, आपण सगळे हबेशाच ना!" त्याच्यावर दोन्हीकडचे तुटून पडत. हबेशा हे त्या डोंगराळ मुलखातल्या लोकांचं सामाईक नाव. आपण मलिक अंबरला आणि जंजिऱ्याच्या सिद्दींना ज्या नावाने ओळखतो, तो 'हबशी' शब्द त्याच मुळाचा. समुद्रापलीकडे आपल्याला जे एक दिसले, ते घरात मात्र एकमेकांचे गळे धरून होते.

एका रात्री लेतायने विचारलं, "एवढं काय लिहितोस?"

"हिशेब लिहितोय आजी."

"वाच मला."

"तुला नाही आवडायचं."

"मला अक्षर येत नाही म्हणून लपवतोस होय? वाच."

तेस्फायने वाचलं. सीमेवरच्या मेरेब नदीपलीकडच्या सगळ्या लोकांचं रक्तच कसं नासकं आहे, त्यांच्या बायका कशा, त्यांची पोरं कशी, त्यांना कसं मुळापासून उपटलं पाहिजे. वर्गातल्या बायकांनी माना खाली घातल्या. कुणी रागावलं नाही. प्रत्येकीचं कुणी ना कुणी गेलं होतं. एक-दोघी मनातून म्हणाल्याही असतील, बरोबर लिहिलंय.

लेताय ऐकत राहिली. मग म्हणाली, "यात कीब्रोम कुठे आहे?"

"म्हणजे?"

"तू म्हणालास हिशेब. आपल्या घरचा हिशेब म्हणजे कीब्रोम. तू एवढं वाचलंस, त्यात तो कुठेच आला नाही. हे तर कुणीही कुणाबद्दलही लिहील. तो तिकडचा पोरगा आपल्याबद्दल हेच लिहीत असेल, नुसती नदीची बाजू बदलून."

तेस्फाय चिडला. "मग काय, माफ करू त्यांना?"

"मी कुठे माफ केलंय? माझ्या मांडीवर मेला तो." म्हातारीचा आवाज चढला नाही. "केलेलं लिही. सगळं लिही, काहीएक सोडू नकोस. पण कूळ काढू नकोस. ज्याने गोळी घातली त्याला बोल. आब्रेहेतच्या रक्ताला का बोलतोस? तिने तर मला सुरई दिली."

"असं मवाळ लिहिलं तर कोण वाचेल आजी? हसतील लोक."

"बेरेकाही फिकीच असते," लेताय म्हणाली आणि कुशीवर वळली.

तेस्फायने तिचं ऐकलं नाही. पुढचे काही दिवस तो शाळेच्या पायरीवर बसून लिहू लागला, म्हणजे आजीला टकटक ऐकू जाऊ नये. परदेशातल्या एका एरिट्रियन तरुणाशी त्याची रोजची जुंपली होती. त्या माणसाच्या नावापुढे उंटाचं चित्र होतं. उंट एरिट्रियाच्या राजमुद्रेवर आहे, म्हणून. तो उंटवाला एका रात्री एकच शब्द लिहून गेला: अगामे.

तेस्फाय तणतणत आत आला. न राहवून त्याने आजीला सांगितलं, की मला अगामे म्हणाला.

लेताय हसू लागली. इतकी, की खोकला आला. "अरे, अगामेच आहोत की आपण. हा आदिग्रातचा सगळा मुलूख म्हणजे अगामे. माझा बाप अगामेचा, त्याचा बाप अगामेचा. यात शिवी कुठे आली?"

"त्यांच्याकडे ती शिवीच आहे."

"ठाऊक आहे. इटालियनांच्या काळात आपल्याकडची भुकेली माणसं कामाला अस्माराकडे जायची. धुणी धुवायची, ओझी वाहायची. तिकडच्यांनी आपल्या मुलखाच्या नावाची शिवी केली. माझ्या बापाने त्या शिवीवर सहा माणसं पोसली." मग जरा थांबून ती म्हणाली, "ज्याला आपलं दुःख सांगता येत नाही, तो दुसऱ्याचं गाव काढतो. त्याला विचार, तुझं काय गेलंय?"

वर्गात एक म्हातारे मास्तर होते. सगळे त्यांना मेमहिर म्हणत. ते भिंतीशी पडून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हातारी म्हणते ते एकदा झालंय पोरा. मागच्या युद्धानंतर हेगला पाच पंचांचा एक आयोग बसला होता. कुणी काय नासधूस केली, ते ठरवायला. त्यांनी २००४ मध्ये लिहून ठेवलंय, की झालांबेसा लुटलं गेलं, त्याला एरिट्रिया जबाबदार. त्याच वर्षी हेही लिहिलंय, की इथिओपियाच्या ताब्यात असताना सेनाफे लुटलं गेलं, त्याला इथिओपिया जबाबदार."

"सेनाफेही?" लेतायने विचारलं. तिने मान वर केली होती.

"सेनाफेही. आणि तिथून जवळ मातारा आहे, तिथे जुना शिलास्तंभ होता. आपलीच अक्षरं कोरलेला." मास्तरांनी फळ्याकडे बोट केलं. "तो स्फोटाने पाडला गेला. त्यालाही इथिओपियाच जबाबदार. २००९ मध्ये रकमा ठरल्या. इथिओपियाला सुमारे १७ कोटी ४० लाख डॉलर, एरिट्रियाला सुमारे १६ कोटी ३५ लाख. पैशाचं सोड. सांगायचं हे, की इतकं सगळं लिहिलं त्यांनी, कुठलं गाव, कुठली फौज, कुठला महिना. कोणाचं रक्त कसं, यावर एक ओळ नाही. म्हणून तो कागद दोन्हीकडच्या माणसाला वाचता येतो. तू लिहितोस तो कागद एकाच बाजूला वाचता येतो."

तेस्फाय काही बोलला नाही. आब्रेहेतचं घरही लुटलं गेलं असेल आणि लुटणारे आपल्या बाजूचे असतील, हे त्याच्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. २०१८ च्या त्या दिवशी, दोन पेल्यांच्या त्या तासात, आब्रेहेतने यातलं चकार शब्द काढला नव्हता. कदाचित तिसऱ्या पेल्याला काढला असता.

त्या रात्री तो पायरीवर गेला नाही. आजीच्या शेजारी बसून लिहू लागला आणि एकेक वाक्य लिहून तिला वाचून दाखवू लागला. तिने दोनदा दुरुस्त केलं. एके ठिकाणी त्याने 'त्या कुत्र्यांनी' लिहिलं होतं. ती म्हणाली, "सैनिक लिही. कुत्र्याला बंदूक धरता येत नाही. कुत्रा म्हटलंस की त्याचा गुन्हाच माफ झाला." आणि पोती पाच लिहिली होती, ती चार होती.

शेवटी मजकूर असा झाला:

"नोव्हेंबर २०२० मध्ये एरिट्रियाचे सैनिक झालांबेसात आमच्या घरी आले. माझा भाऊ कीब्रोम दारात उभा होता. तो गवंडी होता. सव्वीस वर्षांचा. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याला उंबऱ्यावर गोळी घातली. धान्याची चार पोती, दोन गाद्या, छपराचे पत्रे आणि घराचं दार काढून नेलं. तीन दिवस आम्हाला त्याला पुरता आलं नाही. ज्यांनी हे केलं आणि ज्यांनी त्यांना पाठवलं, त्यांनी याचा जाब द्यावा. ज्यांनी केलं नाही, त्यांच्यावर माझा राग नाही."

शेवटचं वाक्य लिहायला त्याला अर्धा तास लागला.

सकाळी दाद देणाऱ्या हजारांतले चाळीस उरले होते. आपल्या बाजूचे म्हणाले, शाबियाने विकत घेतलेला दिसतो. पलीकडचे म्हणाले, धडधडीत खोटं. कुणी म्हणालं, फार लांबण लावली. मग दुसरं काहीतरी पेटलं आणि सगळे तिकडे धावले. तेस्फाय आजीला म्हणाला, "बघितलंस? पाण्यासारखं झालं."

"पी मग," आजी म्हणाली. "ओतून नको देऊस."

चार रात्रींनी उंटवाल्याचं उत्तर आलं. त्यात शिवी नव्हती म्हणून तेस्फायला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं आहे.

"माझा धाकटा भाऊ बारावीला सावाच्या छावणीत गेला. आमच्याकडे सगळ्यांना जावं लागतं. कागदावर सैन्यातली सेवा दीड वर्षाची. ती कधी संपली नाही. त्या हिवाळ्यात त्याला तुमच्या बाजूला नेलं, एवढं कळलं. पुढे काही कळलं नाही. आईला कुणी कागद दिला नाही, प्रेत दिलं नाही. तुमच्या दारात आलेल्यांत तो होता का, मला माहीत नाही. नसावा, अशी प्रार्थना करतो. असला तर त्यानेही जाब द्यावा. पण तो कुठे आहे ते आधी कुणी सांगावं."

तेस्फायने ते आजीला वाचून दाखवलं. एकदा वाचलं, मग तिने न सांगता पुन्हा वाचलं. वर्गात कुणीतरी निखारे फुंकत होतं, तेही थांबलं.

"नाव काय त्या पोराचं?" लेतायने विचारलं.

"लिहिलं नाहीये."

"मग विचार."

त्याने विचारलं. बराच वेळ काही आलं नाही. मग एक शब्द आला: फिल्मोन.

लेतायने त्या दिवशी कॉफी केली. साखर नव्हती. सोबतीला द्यायला लाह्याही नव्हत्या. होत्या मूठभर बिया आणि ती बिनतोटीची जेबेना. आब्रेहेत जिवंत आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं आणि कळायचा काही मार्गही नव्हता. सात कुटुंबांत पेले पुरेनात म्हणून आळीपाळीने प्यायले सगळे. अवेल झाली. एरवी तेस्फाय इथेच फोन उचलून उठे. आज बसला. कालाय झाली. मास्तर म्हणाले, झालं आता, चोथ्यात काही उरलं नाही.

लेतायने तिसरं पाणी घातलं. उकळी यायची वाट बघत सगळे गप्प बसले. मग तिने सुरई दोन्ही हातांनी उचलली, काथ्याचा बोळा बोटाने नीट केला आणि मनगट हळूहळू कलतं केलं. पेल्यात आली ती फिक्या तांबूस रंगाची, तळ दिसणारी कॉफी. पेला तेस्फायच्या हातात देताना ती दोन नावं पुटपुटली. पहिलं कीब्रोमचं होतं. दुसरं तिने नुकतंच ऐकलेलं होतं.

तेस्फायने घोट घेतला. चव जवळजवळ नव्हतीच. त्याने पेला तळापर्यंत संपवला.

बोध एवढाच, आणि तो लेतायच्याच शब्दांत: केलेलं सांगा, कूळ काढू नका. शिवी कडक असते, पण तिच्यात आपलाच माणूस हरवतो.